बापाहून थोरला मुलगा

गोरेगाव पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला नेस्कोचे विस्तीर्ण आवार आहे. 'न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी' या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले, हे आता तेथे जाणाऱ्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जेथे एके काळी यंत्रे घडत होती तेथे आता प्रदर्शने भरतात. २०२० साली करोनाच्या साथीत येथेच मोठे उपचारकेंद्र उभे राहिले होते. २०११ साली दिल्लीत सुरू झालेल्या 'कॉमिक कॉन' या चित्रकथाप्रेमींच्या मेळाव्याची मुंबई आवृत्तीही पुढील वर्षांत अनेकदा याच आवारातील मुंबई प्रदर्शन केंद्रात भरली. पुठ्ठा, फोम आणि रंग यांतून सिद्ध केलेली चिलखते अंगावर चढवून, चेहरे रंगवून, महाविद्यालयीन मुले-मुली अशा मेळाव्यांना जातात. लोकलच्या डब्यातील प्रवाशांना त्यांचे कौतुक वाटते, क्वचित कीवही वाटते.

या मुलांच्या बोलण्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. ते दिले तर असे आढळेल की, वेशभूषेइतकेच त्यांना वादाचे वेड आहे आणि त्या वादांपैकी काही चांगलेच कूट आहेत. 'केबल' या काळप्रवासी महावीराविषयीचा वाद त्यांतलाच. (उपनगरातील वाचकाला 'केबल' म्हटल्यावर दरमहा पैसे मागण्यास येणारा माणूस आठवेल, त्याचा येथे संबंध नाही.) या महावीराचे तरुणपणीचे रूप भविष्यातून येते आणि स्वतःच्याच वृद्ध रूपाला ठार मारते. आता खरा केबल कोणता? मारला गेला तो, की मारणारा? वृद्धाची मुलगी ही या पोराची मुलगी ठरते काय? त्याच्या आईवडिलांनी त्याला काय मानावे? घरातील वडीलधाऱ्यांनी हे ऐकले तर 'अभ्यास नाही का तुम्हाला?' असेच ते म्हणतील. तथापि वारसा, वचन आणि निवृत्तिवेतन या ज्या तीन गोष्टींवरून मध्यमवर्गीय मराठी घरांत खरीखुरी भांडणे होतात, त्यांचे मूळ या प्रश्नांतच दडलेले आहे.

एका कुटुंबाची कथा

प्रथम कथा सांगितली पाहिजे. ती गुंतागुंतीची आहे, पण हरिवंशाची सवय असलेल्या वाचकाला ती जड जाऊ नये. १९६३ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने अमेरिकेत 'एक्स-मेन' ही चित्रकथामाला सुरू केली. जन्मतः विलक्षण शक्ती लाभलेल्या आणि नेमक्या त्याच कारणाने समाजाच्या द्वेषाचे धनी झालेल्या तरुणांची ती कथा आहे. त्यांचा म्होरक्या स्कॉट समर्स. त्याच्या डोळ्यांतून प्रखर किरण बाहेर पडतात म्हणून त्याला सायक्लॉप्स म्हणतात. त्याची प्रेयसी जीन ग्रे. १९८० साली या जीनचा मृत्यू दाखविण्यात आला. शोकाकुल स्कॉटला पुढे हुबेहूब जीनसारखी दिसणारी मॅडलिन प्रायर भेटली, १९८३ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्यांना नेथन नावाचा मुलगा झाला. पुढे दोन गोष्टी उघड झाल्या. जीन जिवंतच होती; आणि मॅडलिन ही जीनच्या देहावरून एका दुष्ट शास्त्रज्ञाने घडविलेली प्रतिकृती होती.

नेथनच्या वाट्याला याहून वाईट आले. शरीराचे हळूहळू यंत्रात रूपांतर करणारा एक असाध्य रोग तान्ह्या वयातच त्याला जडविण्यात आला. दूरच्या भविष्यातून आलेली एक स्त्री म्हणाली की, आपण याला आपल्या काळात नेऊन वाचवू शकू; मात्र बापाला मुलगा परत मिळणार नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रसंगात स्कॉट मुलाला तिच्या स्वाधीन करतो. मुलाचा जीव वाचावा म्हणून त्याला कायमचे दूर पाठविणारा बाप वाचकांच्या मनात घर करून बसला, यात नवल नाही. गोकुळात मूल पोचवून रित्या हातांनी परतणाऱ्या वसुदेवाची ज्यांना आठवण होईल त्यांना या प्रसंगाचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

मौज अशी की, हा मुलगा मोठा होऊन, किंबहुना म्हातारा होऊन, परत आलेला वाचकांनी आधीच पाहिला होता. लुईस सायमनसन आणि रॉब लायफेल्ड यांनी १९९० सालीच 'केबल' नावाचा एक पांढऱ्या केसांचा, अर्धा यंत्राचा, युद्धात मुरलेला योद्धा रंगमंचावर आणला होता. तो कोण, हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हते. तो नेथनच होय, हे नाते पुढे जोडण्यात आले. त्यामुळे असा प्रकार झाला की तिशीतला बाप आणि त्याहून कितीतरी वर्षांनी थोरला मुलगा एकाच काळात, एकमेकांसमोर उभे राहिले. १९९४ मध्ये लेखकांनी आणखी एक दुवा जोडला. लग्नानंतर स्कॉट आणि जीन यांची मने भविष्यात ओढली जातात, तेथे ते टोपणनावांनी राहतात आणि लहानग्या नेथनला वर्षानुवर्षे वाढवितात. म्हणजे जन्म दिला मॅडलिनने आणि वाढविले जीनने. केबल स्वतः पुढे होप नावाच्या एका अनाथ मुलीचा बाप झाला. २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेल्या या कथानकात तो तिला पाठीशी बांधून काळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो आणि त्या धावपळीतच तिला लहानाची मोठी करतो. त्याच्या साऱ्या पराक्रमांत वाचकांना सर्वांत प्रिय झाला तो हा पराक्रम.

यानंतर वादाचे निमित्त घडले. २०१२ पासूनच्या कथांत एक्स-मेनमधील मूळचे पाच तरुण, त्यांत किशोरवयीन स्कॉटही आला, भूतकाळातून वर्तमानात आणले गेले आणि वर्षानुवर्षे येथेच राहिले. भूतकाळातील माणसे वर्तमानात राहिली तर काळाची घडी विस्कटणार, हे उघड होते. त्यांना परत पाठविण्याचे अप्रिय काम काळाचा पहारेकरी म्हणविणाऱ्या केबलने करावयास हवे होते. ते त्याने केले नाही. २०१८ मधील एका कथेत भविष्यातून एक तरुण येतो, या कर्तव्यच्युतीबद्दल वृद्ध केबलला ठार मारतो आणि ते काम स्वतः हाती घेतो. हा तरुण म्हणजे स्वतः नेथनच असतो.

फिर्यादी तरुण, आरोपी वृद्ध

रसिकांत यावरून जे तट पडले ते मोठे बोलके आहेत. एक पक्ष म्हणतो की, माणूस म्हणजे त्याने भोगलेले आयुष्य. तीस वर्षे ज्याच्या जखमा आम्ही पाहिल्या, ज्याने होपला वाढविले, तो केबल. हा पोरगा त्याचे नाव, त्याची शस्त्रे आणि त्याचे नातेसंबंध घेऊन बसला आहे. पण त्यांची किंमत त्याने मोजलेली नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, व्यक्ती एकच आहे. तुम्ही तिला पुस्तकाच्या मधल्या पानावर भेटलात, आता आधीचे पान वाचा. शिवाय, ज्या आईबापांना मुलगा वाढविण्याचे सुख धड लाभले नाही त्यांना तो किशोरवयात घरी मिळाला, यात दुःख करण्यासारखे काय आहे? २०१९ नंतरच्या कथांत या कुटुंबाने चंद्रावर घर बांधलेले दाखविले आहे आणि तेथे हा मुलगा आईबापांबरोबर जेवावयास बसतो. घर चंद्रावर असले तरी जेवणाच्या वेळचे टोमणे पृथ्वीवरचेच आहेत.

तिसराही एक पक्ष आहे, तर्कशास्त्राचा. तरुणाने वृद्धाला मारले खरे. पण हाच तरुण वाढून तोच वृद्ध होणार असेल, तर आपल्या हत्येचा दिवस त्याला ठाऊकच असणार. मग तो त्या दिवशी पळून का जात नाही? या पक्षाचे समाधान कोणत्याही उत्तराने होत नाही आणि ते होऊ नये अशीच त्याची इच्छा असते. तेव्हा त्याला सोडून पुढे जाणे बरे.

पहिल्या दोन पक्षांच्या वादात मात्र एक गोष्ट नजरेतून निसटते. व्यवहारात माणूस आपल्या तरुणपणावर फिर्याद लावतो. 'तेव्हा अक्कल नव्हती', 'तेव्हा पैसे उधळले', 'तेव्हा परीक्षा दिली असती तर', हे उतारवयातील नित्याचे उद्गार आहेत. येथे फिर्यादी तरुण आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात वार्धक्य उभे आहे. आरोपही तंतोतंत तरुणांचाच आहे: तुला काय करावयाचे ते ठाऊक होते, आणि माया लागली म्हणून, थकवा आला म्हणून, तू ते केले नाहीस.

डेरेक पारफिट या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमका असाच एक दाखला घेतला आहे. एकोणिसाव्या शतकातील एका रशियन तरुणाला काही वर्षांनी मोठी जमीन वारसाहक्काने मिळणार असते. तो समाजवादी विचारांचा असतो. ती जमीन शेतकऱ्यांना देऊन टाकण्याचा दस्त तो आजच करून ठेवतो आणि त्यात अशी अट घालतो की, पत्नीच्या संमतीवाचून तो रद्द होऊ नये. पत्नीला तो बजावतो की, उद्या माझे विचार बदलले आणि मी तुझ्याकडे संमती मागावयास आलो, तर तो मागणारा मी नव्हे असे समज. पुढे खरोखरच मन बदललेला, प्रौढ पती दारात उभा राहतो. पत्नीने कोणाशी प्रामाणिक राहावे? पारफिटचे म्हणणे असे की, व्यक्तीचे एकत्व ही होय-नाहीची बाब नसून कमी-अधिक प्रमाणाची बाब आहे, आणि म्हणून ती पत्नी पूर्वीच्या वचनाला बांधलेली राहिली तर तिला वेडी ठरविता येणार नाही. केबलच्या कथेत ही पत्नी नाही, बंदूक आहे, एवढाच फरक.

ध्येयवादी तरुणाचे पुढे काय होते, हा प्रश्न गोरेगावला अपरिचित नाही. मृणाल गोरे यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली. पती केशव गोरे १९५८ साली निवर्तले. त्यांच्या नावाची वास्तू आजही गोरेगाव पश्चिमेला उभी आहे. पाण्याच्या प्रश्नावर मोर्चे काढता काढता 'पाणीवाली बाई' हे नाव मिळालेल्या या बाई १९७७ मध्ये लोकसभेवर गेल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्या विशीतल्या मुलीने वृद्धेला जाब विचारावा असा प्रसंग आला नाही. अशी उदाहरणे थोडी असतात. ज्या पिढीने १९७४-७५ मध्ये रस्त्यावर घोषणा दिल्या तिच्यातील कितीजण आपल्या विशीतल्या रूपासमोर ताठ मानेने उभे राहू शकतील, याची गणती न केलेलीच बरी.

समय बोलतो तेव्हा

हे सारे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी नेस्कोपासून फार लांब जाऊ नये. आरेच्या जंगलाला लागून १९७७ साली राज्य शासनाने चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेचे चित्रीकरण याच चित्रनगरीत झाले. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत ती दाखविली गेली आणि त्या रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. राही मासूम रझा यांच्या लेखणीतून उतरलेल्या या मालिकेत कथा सांगणारा कोणी ऋषी नव्हता; कथा साक्षात समयच सांगत होता. भूत आणि भविष्य दोन्ही पाहिलेला, पण हस्तक्षेप न करणारा. चित्रनगरीत उभारलेल्या त्या हस्तिनापुरात जो भीष्म वावरला (त्याची भूमिका करणारे मुकेश खन्ना १९९७ पासून 'शक्तिमान' झाले, हाही एक योगायोग) त्याने बापाचे लग्न व्हावे म्हणून स्वतःच्या लग्नावर पाणी सोडले. पिढ्यांचा क्रम येथे उलटाच आहे.

आणि ययाति? शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वृद्ध झालेला हा राजा पाच मुलांकडे तारुण्य मागतो. चौघे नकार देतात, धाकटा पुरू ते देतो. त्या क्षणी बाप तरुण आणि मुलगा जख्ख म्हातारा होतो. स्कॉट समर्स आणि केबल यांचे चित्र व्यासांनी असे कितीतरी आधी रेखाटून ठेवले आहे. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये त्यावर कादंबरी लिहिली, गिरीश कार्नाडांनी थोड्याच काळात त्यावर आपले पहिले नाटक रचले, आणि १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक खांडेकरांना मिळाले ते या कादंबरीच्या पुण्याईवर. ययातीने उसने घेतलेले तारुण्य हजार वर्षांनी परत केले आणि वर राज्यही दिले. मुद्दल आणि व्याज दोन्ही चुकती झाली, असे हिशेबी माणूस म्हणेल. परंतु ज्या पोराची मधली वर्षे गेली त्याला विचारल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही.

काळप्रवासाचीच कथा हवी असेल तर भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आहे. मुलगी रेवती हिच्यासाठी योग्य वर कोण, हे विचारण्यास तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तेथे गायन चालू असते. ते संपेपर्यंत तो थांबतो. ब्रह्मदेव हसून सांगतात की, तू मनात धरलेले वर, त्यांचे पुत्र, पौत्र, सारे केव्हाच गेले. पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. रेवतीचे पुढे बलरामाशी लग्न होते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने जी पहिली कथा पाठविली तिचे नाव 'कृष्णविवर'. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंद चालते, हे भौतिकशास्त्र आज सर्वमान्य आहे. ककुद्मीला ते गायनसभेत भेटले.

या परंपरेत वाढलेल्या मुलांना केबलच्या दोन आयांचा प्रश्न पडावा, हे स्वाभाविकच नव्हे काय? कर्णाला कुंतीने जन्म दिला आणि राधेने वाढविले. उद्योगपर्वात कृष्ण त्याला पांडवांचे थोरलेपण देऊ करतो तेव्हा कर्ण राधेच्या दुधाचा आणि अधिरथाने केलेल्या संस्कारांचा दाखला देऊन ते नाकारतो. शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आले, रणजित देसाईंचे 'राधेय' १९७३ मध्ये. देसाईंनी शीर्षकातच निवाडा देऊन टाकला. आपल्या कायद्यानेही बाजू निवडलेली आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुटुंबाशी नाते दत्तकदिनापासून तुटते. राहते ते केवळ विवाहनिषेधापुरते. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. यशवंतराव कोठे गेला, असे कोणी विचारले नाही. होपच्या बाबतीत चित्रकथेच्या रसिकांनी विचारले, कारण तिच्या बापाचे दत्तकपत्र अजून लिहिलेच गेले नव्हते असा बाप तिच्यासमोर येऊन उभा राहिला: तिच्याहून फारसा मोठा नसलेला, तिला कधीही कडेवर न घेतलेला.

वेताळाचे उत्तर

आज साठीच्या घरात असलेल्या वाचकांनी तरुणपणी याच प्रश्नाचे दुसरे उत्तर वाचलेले आहे. १९६४ ते १९९० या काळात निघणाऱ्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठी मुलांना वेताळ भेटला. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा वीर अमर आहे, असे जंगलातील लोक मानतात. वस्तुतः १५३६ पासून बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवितो, तीच कवटीची अंगठी घालतो, त्याच गुहेत राहतो. आपल्या आठवणीतील वेताळ हा एकविसावा. एकवीस माणसे मिळून एक व्यक्ती बनते. केबलच्या कथेत एक माणूस फुटून दोन व्यक्ती होतात. वेताळाच्या घरात मुलाने 'मी वेगळा आहे' असे म्हणावयाचे नसते; पोशाख मापाचा नसला तर आपण पोशाखाच्या मापाचे व्हावयाचे. चाळीतल्या एका खोलीत, एकाच गिरणीत आजोबा, बाप आणि मुलगा यांनी पाठोपाठ बदली कामगार म्हणून लागण्याचा जो काळ होता, त्या काळाला वेताळ आवडला यात आश्चर्य नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि ती साखळी तुटली. त्यानंतरच्या पिढीला बापाचा पोशाख मिळाला नाही.

शिक्षक आणि कारकून यांच्या घरात ही साखळी थोडी अधिक काळ टिकली, आणि ती तुटली तेव्हा तिची तारीखही शासननिर्णयाने ठरली. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. जुनी योजना ही वेताळाची योजना होती. आज कामावर असलेली पिढी काल कामावर असलेल्या पिढीला पोसते, उद्या तिला परवाची पिढी पोसणार. खुर्चीवरील माणूस बदलतो, खुर्ची अमर असते. नवी योजना केबलची. येथे मध्ये पिढी नाहीच. पंचविशीतल्या कारकुनाच्या मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांतून दहा टक्के कापले जातात, शासन आपला वाटा घालते, आणि ती रक्कम तो साठीतल्या स्वतःकडे पाठवितो. त्या साठीतल्या माणसाला किती मिळेल ते बाजार ठरवील. १४ मार्च २०२३ रोजी शासकीय कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि २० मार्चला परतले, ते या एका मागणीसाठी. वृत्तपत्रांतून तेव्हा राज्याच्या तिजोरीवरील भाराची चर्चा पुष्कळ झाली आणि ती आवश्यकही होती. पण माणूस आपल्या वृद्ध रूपाची काळजी स्वतः घेऊ शकतो काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

अर्थशास्त्र या बाबतीत आशावादी नाही. पिगू यांनी १९२० सालीच म्हटले की, माणसाची दूरदृष्टी सदोष आहे. भविष्यातील सुख त्याला दुर्बिणीच्या उलट्या टोकातून पाहिल्यासारखे लहान दिसते. १९२८ मध्ये फ्रँक रॅम्से या पंचविशीतल्या गणितज्ञाने बचतीवरील आपल्या निबंधात भविष्याला अशा रीतीने कमी लेखणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरविले आणि त्याचे कारण कल्पनाशक्तीच्या दुबळेपणात शोधले. स्वतः रॅम्से सत्तावीस वर्षे पुरी होण्याआधीच वारला. वृद्ध रॅम्सेशी त्याची गाठ पडलीच नाही. २०११ साली हॅल हर्शफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. तरुणांना संगणकाच्या साहाय्याने त्यांचाच म्हातारा झालेला चेहरा दाखविला आणि निवृत्तीसाठी किती रक्कम बाजूला काढाल असे विचारले. ज्यांनी तो चेहरा पाहिला त्यांनी अधिक रक्कम काढली. रॅम्सेचे निदान अचूक होते असे म्हणावे लागेल. कल्पनाशक्तीला चेहरा मिळाला आणि बचत वाढली.

येथे एक विषमता आहे आणि ती बोलून दाखविली पाहिजे. तरुण आपल्या वार्धक्यावर अन्याय करू शकतो. कमी बचत करून, कर्ज काढून, दस्तावर सही करून. वृद्धाला उलट वार करता येत नाही. गोरेगाव पश्चिमेच्या सिद्धार्थनगरात, पत्राचाळीत, ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ साली झाला आणि पुढील वर्षानुवर्षे ती कुटुंबे भाड्याच्या घरांतून फिरत राहिली. सही करताना जे कर्ते होते ते वृद्ध झाले, काही निवर्तले. जी मुले तेव्हा शाळेत होती त्यांनी पुढे म्हाडाच्या पायऱ्या झिजविल्या. सही करणारा कोण आणि किंमत मोजणारा कोण, हा प्रश्न या चाळीतील कोणत्याही मुलाला चित्रकथेवाचून कळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी दिली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती अमलात आणली. वर्गणी केबलची, हमी वेताळाची, असा हा मधला मार्ग आहे. तिचा भार कोणत्या पिढीवर किती पडेल, हे अजून कळावयाचे आहे.

या प्रश्नांवर मराठीत बोलण्यास मुलांजवळ साहित्य उरलेले नाही, ही यातील खरी उणीव होय. इंद्रजाल बंद पडल्यावर त्या तोडीचे मराठी चित्रकथांचे नियतकालिक उभे राहिले नाही. परिणामी ही मुले ययातीचा प्रश्न इंग्रजीतून विचारतात आणि खांडेकरांची कादंबरी आजोबांच्या कपाटात राहते. मराठीच्या एखाद्या अध्यापकाने ही दोन पुस्तके वर्गात एकाच टेबलावर ठेवली तर तास संपल्याची घंटा मुलांना ऐकू येणार नाही.

दरम्यान, प्रकाशकांनी आपल्या परीने वाद मिटविला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या मालिकेत तरुण केबलला आपल्याहून बलाढ्य शत्रूशी गाठ पडल्यावर उमगते की, हे काम आपल्या आवाक्यातले नाही. ज्याला आपण मारले त्याचीच आता गरज आहे. २०२१ मध्ये तो वृद्धाला पुन्हा जिवंत करवून घेतो आणि लढाई संपल्यावर स्वतः भविष्यात निघून जातो, वाढण्यासाठी आणि काळाच्या ओघात आपल्या मुलीचा बाप होण्यासाठी. खपाचे आकडे पाहून हा निर्णय घेतला असावा, असे म्हणणारे रसिक आहेत आणि त्यांना खोडून काढणे कठीण आहे. परंतु त्या कथाविश्वात मृतास जिवंत करण्याची रीत अशी की, देह नव्याने घडवावयाचा आणि जतन करून ठेवलेल्या आठवणी त्यात भरावयाच्या. होपला ज्या हातांनी वाढविले ते हात गेले. त्या हातांची आठवण असलेला दुसरा देह आला. तो तिचा बाप आहे काय, यावर आता नवे दोन पक्ष पडले आहेत.